प्रेक्षकाचे नाव

"तुरुंगात टाका तिला! शेवटी नुसती रडून सुटते म्हणजे काय?"

"लिहिलं, सर."

कागद ७. निवृत्त शिक्षक. मत: तुरुंग.

काल टीव्हीवर नाटक झालं. मेलेल्या बहिणीच्या नावावर शाळेत नोकरी धरलेली बाई बारा वर्षांनी पकडली जाते आणि सगळ्यांचे पाय धरते. सकाळपासून प्रतिक्रियांचा फोन थांबत नव्हता. तो घेणाऱ्या बाईला टीव्ही केंद्राच्या ऑफिसात सगळे ताई म्हणत. नियम असा, की फोन उचलला की आधी आपलं नाव सांगायचं. तेवीस वर्षं ती रोज चाळीसदा सांगत आली. ते नाव तिच्या थोरल्या बहिणीचं होतं.

नोकरीचं पत्र आलं तेव्हा थोरलीला तापाने जाऊन आठ दिवस झाले होते. धाकटीही तेवढीच शिकलेली. आईने पत्र तिच्या हातात कोंबलं. "जा. उद्या हजर हो."

कागद १२. शिंपी. "नवऱ्याला बारा वर्षं पत्ता नाही? नवरा आहे की बुजगावणं?"

कागद १९. गृहिणी. "पोरांना पाढे बरोबर शिकवले ना? मग झालं तर!"

कागद २३. बेकरीवाला. "आज नाव चोरलं, उद्या गल्ल्यात हात घालील."

हा लिहिताना पेन इतकं दाबलं गेलं की कागद फाटला. तिने नवा घेतला आणि तेच लिहिलं, जसंच्या तसं. काम म्हणजे काम.

साहेब टेबलाशी आले. "ताई, लोक चिडलेत. झकास! रविवारी चर्चा ठेवू, 'आपल्यातले तोतये'. विरोधातले कागद वर ठेवा."

"आणि बाजूचे?"

"ते राहू देत खाली. कोण वाचतंय!"

फोन वाजला.

"नमस्कार, मी..."

"माहितीये कोण ते. लिहून घे."

आई होती.

"अगं, ही ऑफिसची लाइन आहे!"

"म्हणून तर केलाय. मी काय प्रेक्षक नाही? लिही. त्या पोरीची आई नाटकात कुठे दाखवलीच नाही. पोरगी आपल्या मनाने गेली होय? घरात एक गेलेली, चूल थंड. आईनेच ढकललं असणार. तिला विचारा म्हणावं. आणि ते पाय धरणं मला मुळीच पटलं नाही. काम चोख केलं ना? मग पाय कसले धरतेस!"

"लिहिलं."

"तुझ्या नावाने हाक मारणारी मी एकटीच उरलेय गं. मी गेल्यावर ते नाव कोण घेणार? तेही लिही."

तिने तेही लिहिलं.

मग कोरा कागद ओढला. नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं. हात अडखळला, वळणच मोडलं होतं. व्यवसाय: फोन घेणारी. मत: शेवट चुकला. पाय धरायला नको होते.

तो कागद गठ्ठ्यात सगळ्यांत वर ठेवून तिने गठ्ठा साहेबांपुढे सरकवला.

"ही कोण?" साहेबांनी विचारलं.

"मी."

"ताई, कामाच्या वेळी चेष्टा..."

"चेष्टा नाही. मी ताई नाही, ताईची धाकटी. रविवारी तोतये बसवणार ना? एक खुर्ची माझी. पाय मात्र धरणार नाही."

साहेब खुर्चीत टेकले. दबक्या आवाजात म्हणाले, "नोकरी जाईल, कळतंय का?"

"थोरलीची जाईल. माझी कधी नव्हतीच."

फोन पुन्हा वाजला. साहेबांचा हात पुढे आला, तिचा आधी पोचला.

"नमस्कार," ती म्हणाली आणि नाव सांगितलं. स्वतःचं. आवाज घोगरा निघाला.

पलीकडून कुणी बाई म्हणाली, "परत सांगता का? नीट ऐकू नाही आलं."

तिने परत सांगितलं. शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं.

"हं," पलीकडची म्हणाली, "आता माझं लिहून घ्या."

तिने पेनचं टोपण काढलं.