कॅरामेलखालचा वास

संदमालीने पुन्हा चमचा भरला, कोरा चहा फुर्रकन ओढला, तोंडभर घोळवला आणि पिकदाणीत थुंकला. वास होताच. चहाच्या कॅरामेलसारख्या गोड वासाच्या थराखाली, अगदी तळाशी, सुक्या मासळीचा. ओठ घट्ट मिटून तिने टेबलाची कड धरली.

इथे ओकली असती तर सगळंच संपलं होतं. तिला तिसरा महिना लागला होता आणि नवऱ्याखेरीज कुणालाच ते माहीत नव्हतं, सासूलासुद्धा नाही. कारण चहा-कंपनीच्या अमरतुंग साहेबांचा नियम. गरोदर बाईच्या नाकाचा भरवसा नाही, तिला चाखायच्या टेबलाशी उभं करायचं नाही. दोन वर्षांपूर्वी याच टेबलावरच्या तुषारीने हौसेने बातमी सांगितली आणि दुसऱ्या दिवशी तिची रवानगी लेबलं चिकटवायला झाली. तिचं पोर आता घरभर धावतंय आणि ती अजून लेबलंच चिकटवतेय. बाळंत बाई झाली होती की तिचं नाक? पण साहेबांना विचारणार कोण! संदमाली सहा वर्षं वाडगे विसळून या टेबलापर्यंत पोचली होती. ही जागा गेली तर परत मिळणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

टेबलावर बारा वाडगे मांडलेले होते आणि गाडी तिसऱ्यावरच अडली होती. साहेबांनी भिजलेली पानं हुंगली, रंग उजेडात धरून पाहिला, चाखलं आणि मान डोलावली. दिनुकनेही डोलावली. दिनुक तिच्याच बरोबरीचा, हुशार पण तोंडाळ. आता फक्त तिचा होकार बाकी होता. खाली याच चहाची दोनशे पोती लॉरीत चढलेली होती आणि अकरा वाजता लॉरी बंदराकडे निघणार होती.

हो म्हणायला काय लागत होतं? दोन अक्षरंही नव्हती. पण जिभेवर पोट असणाऱ्या माणसाने जिभेशीच खोटं बोलायचं, मग उरलं काय? तिला स्वतःचाच राग आला.

"साहेब, हा थांबवा," ती म्हणाली. "याला सुक्या मासळीचा वास आहे."

साहेबांनी नवीन पानं वजन करून घेतली, पाणी पुन्हा उकळवलं, घड्याळ लावून बरोबर पाच मिनिटं चहा मुरू दिला. तिघांनी परत चाखला. साहेबांना काही लागलं नाही, दिनुकलाही नाही. तो हसला. काल लिंबाच्या चहाला तोंड दाबून बाहेर पळालीस, आज मासळी, उद्या तुला वाडग्यात हत्ती सापडेल, म्हणाला. साडेदहा वाजून गेले होते.

"तीस वर्षं हे नाक वापरतोय मी," साहेब म्हणाले. "मला येत नाही, याला येत नाही. मग तुलाच का यावा?"

उत्तर तिच्याकडे होतं. ते दिलं की जागा गेली, नाही दिलं की पोती तशीच बंदरावर गेली.

"कारण तुमच्या घरी रोज सुकी मासळी तळतात," ती म्हणाली. "याच्या घरी, माझ्याही घरी. जन्मापासून तो वास आपल्या नाकात मुरलाय, म्हणून आपल्याला तो येतच नाही. विकत घेणाऱ्याला येईल. मलाही आला नसता, साहेब. पण महिना झाला, तव्यावर मासळी पडली की मी गुपचूप अंगणात जाऊन ओकते."

दिनुकचं हसू जागीच विरलं. साहेबांना चार मुलं होती, त्यांना आणखी समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी फोन उचलून गोदामवाल्याला विचारलं, ही पानं डोंगरातून कुणाच्या लॉरीने आली? नेहमीची लॉरी बिघडली होती म्हणे, भाड्याची घेतली. वर जाताना ती काय घेऊन गेली होती? गोदामवाला जरा चाचरला. मग म्हणाला, सुकी मासळी.

साहेबांनी लॉरी थांबवली, पोती उतरवायला सांगितलं. नोंदवहीत तिसऱ्या वाडग्यापुढे फुली मारली. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "चमचा ठेव, बाई. नियम तुला माहीत आहे. दिनुक, उरलेले नऊ तू बघ."

ती बरोबर ठरली आणि जागाही गेली. संदमालीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने लपवलंही नाही.

दिनुक चौथ्या वाडग्याशी गेला. चमचा बुडवला, तसाच धरून राहिला आणि खाली ठेवला. "आमच्याकडे आज सकाळीसुद्धा मासळीच होती, साहेब," तो म्हणाला. "माझ्यावर नका सोडू."

साहेब त्याच्यावर खेकसले नाहीत. त्यांनी वाडग्यांच्या रांगेवरून नजर फिरवली. या टेबलावरून आजवर काय काय बंदरावर गेलं असेल, हे बहुधा त्यांच्याही मनात आलं असावं.

"आणि बाळंतपणानंतर हे नाक असं राहिलं नाही तर?" त्यांनी संदमालीला विचारलं.

"तर तेव्हा काढा, साहेब. आज आहे."

तिला टेबलाशी जागा करून देत साहेब एक पाऊल मागे सरले. संदमालीने पदराने डोळे पुसले, चमचा गरम पाण्यात विसळला आणि चौथ्या वाडग्यावर वाकली.