वर उचललेला हात

सागाच्या पेटीत पितळी दाते बसवून मला घडवले, तेव्हा कारागिराला वाटले असेल की मी डोंगर टिपीन, मिरवणुका टिपीन. माझ्या नशिबी आली लॉस एंजेलिसची एक उघडी टेकडी आणि पडणारी माणसे. मित्रांनो, मी मूक विनोदपटांचा एक जुना, हाताने फिरवायचा कॅमेरा आहे.

माझी मूठ छायाचित्रकार एमेट टिसडेल फिरवी. सेकंदाला नेमके दोन फेरे पडावेत म्हणून तो ओठांतल्या ओठांत गाणे म्हणत असे. आमच्याकडे एकच दंडक होता: कोणी पडो, भिजो, आपटो, दिग्दर्शक सांगेपर्यंत हात थांबवायचा नाही. पडण्यात आमचा विनोदी नट क्लेम हॅस्केट याचा हात धरणारा कोणी नव्हता. तो शिडीवरून असा कोसळे की सुतार रंधा टाकून पाहायला येत.

त्याच्या डोक्यावर फुटणाऱ्या बाटल्या साखरेचा पाक गोठवून केलेल्या, काचेसारख्या दिसणाऱ्या पण सहज फुटणाऱ्या असत. एका ऑगस्टमध्ये त्या उन्हाने चिकट होऊ लागल्या, म्हणून सामानवाल्याने त्या बर्फाच्या पेटीत ठेवल्या. सुतारांनी सरबत पिऊन रिकाम्या केलेल्या बाटल्याही त्याच पेटीत परत टाकल्या होत्या. सगळ्यांवर सारखेच दव धरले होते.

बाटली मारणार होती हॅटी ब्रॅनॉक, क्लेमची पडद्यावरची बायको.

"जोरात हाण गं बाई! मागच्या वेळी डास बसल्यासारखं वाटलं," क्लेम म्हणाला.

"थांब मेल्या, आज तारेच दाखवते तुला!"

बाटली फुटली नाही. क्लेम गुडघ्यांवर आला, मग कुशीवर कलंडला. त्याने एक हात वर उचलला.

"वा रे पठ्ठ्या, हे नवीनच काढलंस!" दिग्दर्शक रास्क टाळ्या पिटत ओरडला. "एमेट, फिरव, फिरव!"

"अरे थांबा! ही काचेची आहे!" हॅटी किंचाळली. तोही अभिनयच समजून सगळे अधिक हसले.

एमेटचे गाणे थांबले. हात थांबला नाही. आणखी चोवीस फेरे झाले. एरवी धुळीच्या कणानेही माझ्यातली फीत अडकत असे. त्या दिवशी मी एकदाही अडकलो नाही. अडकलो असतो, तर एमेटने मान वर करून पाहिले असते. रास्कने माझ्या पेटीवर कौतुकाची थाप मारली. तेवढी एकच शाबासकी मला आजही नकोशी वाटते.

क्लेम वाचला, पण कानाच्या आत कुठेतरी त्याचा तोल कायमचा हरवला. हवे तेव्हा, हवे तसे पडणारा तो माणूस भिंत धरून चालू लागला. चित्रपट मात्र तुफान चालला.

हिवाळ्यात तो एकदा आला. एमेट खाली मान घालून माझे दाते पुसत राहिला.

"काय रे, तोंडाला कुलूप घातलंयस का?" क्लेम म्हणाला. "सांग की, लोक सगळ्यात जास्त कुठं हसतात?"

"तू हात वर केलास ना... तिथं."

क्लेमने भिंतीवरचा हात काढून माझ्या पेटीवर टेकवला.

"तुलाच बोलावत होतो रे मी," तो म्हणाला.

पुढे बोलपट आले आणि मी कपाटात गेलो. माझ्या भिंगावर बुरशी चढली आहे. मित्रांनो, ती तुम्ही पुसली नाहीत तरी चालेल. पण तुमच्यासमोर कोणी पडले, तर आधी त्याच्याजवळ जा, त्याला हात द्या. हसू आलेच, तर तो उठून उभा राहिल्यावर त्याच्याबरोबर हसा.