मोठ्या पडद्याला बेताचं कार्ड

कोरियात कामाला असलेल्या मेदेरने घरी भलामोठा मॉनिटर पाठवला आणि नारीन गावातली सगळी भावकी तो पाहायला लोटली. नवी वस्तू पाहायची तर हातावर कोरुंदुक म्हणून पैसे ठेवायचे, हा रिवाज. सगळ्यांनी ते ठेवले. मग मेदेरच्या धाकट्या बहिणीने, सालकिनने कॉम्प्युटर सुरू केला. नमद्यांसाठी, म्हणजे लोकरीच्या जाजमांसाठी, तिने काढलेली नक्षी त्या पडद्यावर धुक्यात बुडाल्यासारखी दिसली.

"एवढंच?" बुर्माकान आत्या म्हणाली. "माझा टीव्ही बरा की गं! दे माझा कोरुंदुक परत."

सगळे हसले. वडील कुबातबेक मात्र हसले नाहीत. कोरुंदुक घेतला आणि दाखवायला धड काही नाही, म्हणजे भावकीत नाक कापलं गेलं.

"जुन्या कॉम्प्युटरला एवढं चित्र झेपत नाही. ग्राफिक्स कार्ड हवं," सालकिन म्हणाली.

"मग बाजारातलं सगळ्यात मोठं आणतो!" कुबातबेक कडाडले. "शिंगरू विकतो. बुर्माकान, रविवारी ये परत."

ते करडं शिंगरू म्हणजे बाबांचा जीव की प्राण, आणि ते एका पडद्यापायी दुसऱ्याच्या दावणीला जाणार! पण बाबांनी चारचौघांत शब्द दिला होता. सालकिनने कॉम्प्युटर उघडला आणि नमदा मोजायच्या फितीने आतली जागा मोजून घेतली.

बिश्केकच्या बाजारात दुकानदाराने तीन पंख्यांचं धूड पुढे केलं. "हे न्या, बाइके," तो कुबातबेकना अदबीने म्हणाला. "बाकीची नुसती खेळणी."

कुबातबेकनी ते हातात तोललं. "वजन आहे. हेच."

"बाबा, हे आपल्या कॉम्प्युटरच्या डब्यात मावणार नाही. पॉवर सप्लायही पुरणार नाही, तोही नवा घ्यावा लागेल."

"घेऊ की!"

"कशाला? मला गेम खेळायचेत का? नक्षी तर काढायचीय." ती दुकानदाराकडे वळली. "ते एका पंख्याचं दाखवा. याला विजेची वेगळी वायर लागत नाही ना? आणि या पोर्टमधून पूर्ण फोर-के, सेकंदाला साठ चित्रं?"

"साठ," दुकानदाराने मान डोलावली. "ताई, तुम्ही फक्त समोर दुकान थाटू नका."

"तळहाताएवढं कार्ड!" कुबातबेक धुसफुसले. "बुर्माकान दात काढेल."

"काढू दे. बाबा, शर्यतीत लहान पोराला तुम्ही सगळ्यात धिप्पाड घोडा देता का?"

कुबातबेकनी ते धूड दुकानदाराला परत केलं. पैसे सालकिनने नक्षीच्या कमाईतून दिले.

रविवारी पडदा उजळला. नमद्याच्या नक्षीची रेघ न् रेघ, कडेचा टाका न् टाका लख्ख दिसत होता. बुर्माकान आत्या पडद्याला नाक टेकेपर्यंत पुढे सरकली. मग तिने पुन्हा पैसे काढून सालकिनच्या हातावर ठेवले. "मेदेरने नाव काढलं हो घराण्याचं!"

"मेदेरने काच पाठवली," कुबातबेक म्हणाले. "तिला डोळे माझ्या मुलीने दिले."

इतक्यात शिंगरू घ्यायला कुबातबेकनी आधीच बोलावून ठेवलेलं गिऱ्हाईक दारात आलं. सगळे अंगणात आले. कुबातबेकनी शिंगराला दावणीवरून सोडलं आणि दोर सालकिनच्या हातात दिला.

"आता हे माझं नाही, विकू कसं? ही सालकिनची एंची."

वेगळं बिऱ्हाड करणाऱ्या मुलाला बाप जनावरांतला वाटा देतो, ती एंची.

"मुलीला एंची?" बुर्माकान आत्याने आ वासला. "कोण देतं रे?"

"मी देतो," कुबातबेक म्हणाले.