कुंकू लावलेलं कासव

उरणच्या बंदरावर धर्मानं जाळ्यातून कासव सोडवलं, तेव्हा ते निपचित होतं. मान लोंबलेली, डोळे मिटलेले. भरदुपारी आळी जमली. हळद-कुंकू आलं, नारळ फुटला. आता चौघांनी उचलायचं, समुद्रात सोडायचं. देव घरी पोचला, आपण पुण्य मिळवून मोकळे!

धर्माची भावजय पुतळाबाई आडवी आली.

"खाली ठेव. पान्यात टाकलंस तर मरंल."

"कासव पान्यात मरतं? वैनी, ऊन लागलं काय तुला?"

सगळे खिदळले. हसा, हसायला काय जातंय? गेल्या वर्षी तिनंच असं एक कासव ओवाळून सोडलं होतं. तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागलं, फुगून सडलेलं. कवचाला ओवाळताना दिसलेली तीच खाच. तपासायला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरनं तोंडावर सांगितलं, "याला माशासारखे कल्ले नसतात, बाई. श्वासाला वर यावं लागतं. जाळ्यात गुदमरून बेशुद्ध पडलं होतं. मागची बाजू उचलून, सावलीत ठेवून शुद्धीवर यायची वाट बघायची असते. तुम्ही बुडवून मारलंत."

"निकेश, फळी आन. मागची बाजू उचल, डोकं खाली ऱ्हाऊ दे."

गोदामातली शिफ्ट करून आलेल्या तिच्या लेकानं फळी सरकवली. कासवाच्या तोंडातून पाणी गळलं. डोळ्यांतूनही ओघळ आला.

"देव रडतोय गं!" शेजारची राहीबाई किंचाळली.

"रडत नाय. समुद्राचं मीठ तिथूनच बाहेर टाकतं ते."

अर्धा तास गेला. कासव दगडासारखं. तिनं हळूच पापणीला बोट लावलं. हलली? की आपल्यालाच भास झाला?

"बस झालं तुझं," धर्मानं कवच धरलं. "इथं मेलं तर पाप तुझ्या डोक्यावर."

"घेतलं. हात काढ."

त्यानं काढला नाही. तिनं त्याचं मनगट पकडलं, नखं रुतेपर्यंत. दोघं तसेच थांबले.

आणि कासवानं मान उचलली. तोंड उघडलं. भाता ओढल्यासारखा एक लांब, खरखरीत श्वास. मग पुन्हा काहीच नाही. मग दुसरा.

बायांनी हात जोडले. राहीबाई तबक घेऊन पुढं आली.

"ते तबक ठेव बाजूला!" पुतळाबाई कडाडली. "पाय मारायला लागंपर्यंत कोन हात लावनार नाय त्याला. आनि धर्मा, उभा काय ऱ्हायलास? सावली धर."

धर्मानं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि दोन्ही हातांनी ताणून धरला.