वळली का?

मेथीला लागलेल्या ओल्या मातीचा वास आला, की माझ्या डोळ्यांपुढे संध्याकाळचे सात वाजतात. कोपरखैरण्यातली आमची खोली, खिडकीतून आत आलेलं मावळतीचं तांबूस ऊन, त्याच्यावर हळूहळू चढत जाणारा टीव्हीचा निळा उजेड, आणि त्या दोन उजेडांच्या मधोमध बसलेली माझी बायको हौसा. मांडीवर परात, परातीत जुडी. बोटं आपोआप चालायची. पान इकडे, देठ तिकडे. चालता चालता बोटं मधेच थांबली, की समजायचं, पडद्यावर काहीतरी खरं घडलं.

चांगली मालिका कशी ओळखायची, यावर आमच्या दारात रोज उन्हं कलताना सभा भरायची. दिवाळे गावच्या कोळीवाड्यातली नर्मदा म्हावरं विकून झालं की रिकामी पाटी घेऊन पायरीवर टेकायची. तिचं म्हणणं, सासू खाष्टच पाहिजे; नुसती गोडगोड माणसं बघायची तर त्यापेक्षा वाळत घातलेले बोंबील बघावेत. शेजारची रुपाली ऐरोलीच्या कंपनीत कामाला. घरून काम असलं की तीही चहाचा कप घेऊन यायची. तिला पाणी घालून वाढवलेली गोष्ट चालत नसे. दहा भागांत संपवा आणि माणसासारखं बोलू द्या, म्हणायची. हौसा दोघींचं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "ज्यात हात थांबतो ती चांगली. बाकीच्या भाजी निवडायला बऱ्या."

मी आतून खेकसायचो, की खोटी माणसं आणि खोटं रडणं, तुम्हाला कामं नाहीत का. चाळीस वर्षं मार्केटात गोणी वाहिलेला माणूस मी. माथाडीच्या मानेवर ओझं असतं, त्याला मागं वळता येत नाही. वळला की तोल गेला. पुढं ओझं नसतानाही मान तशीच राहिली. पहाटे कामाला निघायचो तेव्हा हौसा दारात उभी असायची, मला ठाऊक होतं, पण गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत मी कधी मागं बघितलं नाही. तिनंही कधी काही म्हटलं नाही.

मग साखरेनं तिची नजर नेली. एकदम नाही. खाडीवर धुकं उतरतं तसं, आधी लांबचं गेलं, मग जवळचं, मग माझं तोंड. मेथी ती बोटांनी निवडायची आणि मालिका कानांनी बघायची. पण पडद्यावरची माणसं बोलायची थांबली, नुसतं वाद्य वाजायला लागलं, की ती माझ्याकडे वळायची. "अहो, आता काय?" मी सांगायचो. रडतेय. दार लावलं. गेली. मला लांबवून सांगता येत नाही.

त्या मालिकेत दोन जावा होत्या. एक दिवस भांडून थोरली घर सोडून निघाली आणि धाकटी उंबऱ्यात उभी राहिली. कोणी बोलेना. बासरी वाजत राहिली. हौसाची बोटं थांबली. "वळली का?"

नव्हती वळली. ताठ मानेनं सरळ गेली. मी हौसाकडे बघितलं. पाण्याखालच्या दगडावर ऊन हलतं तसा तो निळा उजेड तिच्या तोंडावर हलत होता, आणि दिसत नसताना ती दाराकडे बघत होती. टीव्हीकडे नाही, आमच्या दाराकडे.

मी म्हटलं, "वळली."

तिनं श्वास सोडला आणि पुढची काडी उचलली. त्यानंतर मला सवयच लागली. पडद्यावर कोणी हात झिडकारला तरी मी म्हणायचो, धरला. मालिका संपायच्या आधी हौसा गेली. दिवसकार्य झालं, माणसं आपापल्या गावी गेली, पण माझ्या घशातलं ते खोटं गेलं नाही. डोळे गेलेल्या बाईला मी शेवटपर्यंत फसवलं, दुसरं काय.

परवा नर्मदा आणि रुपाली पायरीवर बसल्या होत्या. मालिका संपली होती आणि शेवटावरून दोघींचं जुंपलं होतं. मला राहवलं नाही. बाहेर येऊन सांगून टाकलं, की थोरली वळली नव्हती, मी हौसाला खोटं सांगितलं. मग रुपाली खाली बघत म्हणाली, काका, थोरली वळली नाही ते मी काकींना दुसऱ्याच दिवशी बोलून गेले होते. त्या हसल्या, आणि तुमच्यासमोर हे काढायचं नाही म्हणून आम्हाला दम दिला.

"काय बोलली ठाव हाय?" नर्मदा म्हणाली. "ती कुठली वळते! हे वळले माझ्यासाठी, बस झालं."

नर्मदेनं पाटी उचलली, रुपालीनं कप. मी उंबऱ्यातच उभा राहिलो.

आता सकाळी दूध आणायला निघालो, की गल्लीच्या कोपऱ्यावर मी थांबतो आणि मागं बघतो. मान करकरते. दार बंद असतं, त्याच्यावर कोवळं ऊन पडलेलं असतं, बस तेवढंच. वळून बघायला मागं माणूस उभं असावं लागतं, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. तसं काही नाही.