विसामागचे चार

अब्बास दालदी धर्माच्या बाबतीत भलताच कडक माणूस. विडी ओढायचा नाही, शिवी द्यायचा नाही आणि व्याजाचं नाव काढलं की कानाला हात लावायचा. जामसंड्याच्या खाली, खाडीकाठी दालद्यांची पंधरा घरं. सगळी मुसलमान, सगळी मासे मारणारी आणि सगळी कर्जात. घराखालची जमीनसुद्धा दुसऱ्याची, त्यामुळे बँकेची पायरी कुणी चढला नव्हता. पण व्याज भरतो असं कबूल करणारा एक बाप्या त्या वाडीत सापडला नसता!

कर्ज द्यायचा जयराम शेट, मासळीचा व्यापारी. जिभेवर साखर ठेवूनच जन्माला आलेला. नऊ वर्षांपूर्वी अब्बासची होडी खडकावर फुटली तेव्हा नव्या होडीला त्यानं अडीचशे रुपये दिले आणि म्हणाला, "अब्बास, तुझो धर्म माका ठावक आसा. व्याजाचो एक पैसो नको. मासळी तेवढी माझ्याकडे घाल." एवढं मोठं मन बघून अब्बासचे डोळे भरून आले होते. मासळी मोजायची रीत ठरलेली. शेटाचा कर्जदार असला की त्यानं दर विसामागे चार बांगडे जादा, फुकट टाकायचे. आजानं टाकले, बापानं टाकले, आता अब्बास टाकत होता. त्यात विचारायचं काय?

विचारलं ते त्याच्या बायकोनं, हलीमानं. मासळी मोजायचं काम तिचं. शेटाच्या टोपलीत विसावर चार टाकायचे, पुन्हा वीस मोजायचे, पुन्हा चार. हाताला इतकी सवय झालेली की तोंडानं शेजारणीशी गप्पा चालू असायच्या. घरात खायला मात्र फुटके, नरम पडलेले बांगडे यायचे.

साल बासष्ट. मच्छीमार सोसायटीनं नायलॉनच्या जाळ्यांसाठी कर्ज द्यायचं काढलं, आणि दालद्यांनाही सभासद करून घेऊ म्हणून सांगावा धाडला. अब्बासचं सुती जाळं कुजत आलं होतं. शेटही तयारच होता. "नायलॉनचां देतंय, व्याज नको." हलीमानं मनात हिशेब केला. होडी आधीच शेटाच्या कर्जात, आता जाळंही गेलं की आणखी दहा वर्षं मासळी त्याच्याच टोपलीत.

"सोसायटीत जावा," ती नवऱ्याला म्हणाली.

"सोसायटी व्याज घेता."

"आणि शेट?"

"शेटान आजून एक पैसो मागूक नाय."

"आणि वरचे चार बांगडे?"

"ती रीत गो! रीत वेगळी, व्याज वेगळा."

याच्यापुढे काय बोलणार, कपाळ! पण त्या बांगड्याच्या मोसमात तिनं एक केलं. शेटाला शेकडा मोजून दिला, म्हणजे वरचे वीस गेले, की तिसऱ्यांची एक रिकामी शिंपली ओच्यात टाकायची. घरी आली की ती चुलीमागच्या मडक्यात. धोंडू तांडेल, जातीनं गाबीत, म्हणजे हिंदू मच्छीमार, त्याच किनाऱ्यावर आपली मासळी लिलावात विकायचा. त्याच्यावर शेटाचं कर्ज नव्हतं आणि त्याच्या विसाचे वीसच मोजले जायचे. ते बघून हलीमाचा जीव जळायचा, आणि पुढच्या शेकड्याला ती आणखी एक शिंपली टाकायची.

मोसम संपला. एका शुक्रवारी अब्बास दुपारची नमाज पढून आला आणि म्हणाला, "उद्या शेटाकडना जाळां आणतंय."

हलीमानं मडकं उचललं आणि त्याच्यासमोर पालथं केलं.

"ह्यां काय?"

"मोजा."

तो मोजत बसला. दोनशे सत्त्याऐंशी शिंपल्या. हलीमा म्हणाली, "एका शिंपलीचे वरचे वीस बांगडे. शेकड्याक चार रुपये भाव धरा." अब्बासला लिहिता येत नव्हतं, पण मासळीचा हिशेब त्याला झोपेतही चुकला नसता. सव्वादोनशेच्या वर रुपये. एका मोसमाचे.

"मुद्दल किती आसा?" हलीमानं विचारलं.

"अडीचशे."

"नऊ वर्सांत त्यातले किती फिटले?"

एक रुपयाही फिटला नव्हता. त्याची मान खाली गेली आणि हलीमाला, एवढी जिंकलेली असून, त्याची दया आली. नऊ वर्षं ज्या व्याजापासून तो चार हात लांब पळत होता, तेच रोज सकाळी टोपलीत मोजून घालत होता.

"पाप दोन्हीकडे आसा," शिंपल्या परत मडक्यात भरत तो म्हणाला. "पण सोसायटीचा कागदावर तरी आसा. तौबा करून अंगठो मारतलंय. निदान कसली तौबा करतंय तां तरी माका ठावक आसतला."

सोसायटीचं काम बघायचे सदानंद मास्तर. कचेरीत बसले की पुस्तकी मराठी बोलायचे. "जाळ्याचे साडेतीनशे आणि जुनं कर्ज फेडायला अडीचशे, एकूण सहाशे. व्याज वर्षाला चौपन्न रुपये. जामीन कोण?" अब्बास दाराकडे बघायला लागला. दालद्यांत जमीनवाला कुणीच नव्हता. शेवटी कचेरीत आलेला धोंडू तांडेल पुढे झाला, त्याची स्वतःची जमीन होती. "मी आसंय. खंय अंगठो मारूचो तां दाखवा."

शेटानं अडीचशे मोजून घेतले. साखर त्या दिवशी जरा कमी पडली, एवढंच.

पुढच्या मोसमात नव्या जाळ्याला मासळी बरी लागली. लिलावात पैसे हातात आले. अब्बास पहिला हप्ता घेऊन कचेरीत गेला. शंभर रुपये टेबलावर ठेवले आणि बाजूला पाटी ठेवली. पाटीत वीस ताजे, निवडक बांगडे.

"हे काय?" मास्तरांनी विचारलं.

"शंभराचे वरचे वीस."

मास्तर पाटीकडे बघत राहिले. बांगडा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पण माणूस सरळ. पावती फाडून दिली आणि म्हणाले, "अब्बास, व्याज त्या शंभरातच धरलंय. सोसायटी वरचं काही घेत नाही. हे घरी न्या."

अब्बास तशीच पाटी घेऊन घरी आला. हलीमा आधी खो खो हसली, मग मीठमसाला लावायला बसली. इतके अख्खे बांगडे तिच्या घरात कधी शिजलेच नव्हते. तवा लहान, चार-चारच मावायचे. पाच घाण्यांत तळून झाले. तिनं ते एकेक करून परातीत काढले आणि ताटल्या मांडल्या.

"हे कुणाक गो?" अब्बासनं विचारलं.

हलीमानं खाली पाहिलं. परातीत सोळाच बांगडे होते. उरलेले चार तिच्याच हातानं बाजूला, एका पानावर नीट ओळीनं ठेवलेले होते. कधी ठेवले तिला कळलंही नव्हतं. मडकंभर शिंपल्या मोजायला लावणारी बाई ती, आणि तिचा हात अजून शेटाकडे कामाला होता. तिला हसू येईना. पदर तोंडाला लावून ती रडायला लागली.

अब्बासनं पान उचललं आणि ते चारही बांगडे तिच्या ताटलीत वाढले.