बेचाळिसावं पान

तीनशे माणसांच्या आर्किटेक्ट कंपनीत संशोधन विभाग म्हणजे तो एकटाच. दवाखान्यातला गोंगाट कसा कमी करावा, यावर त्याने दोन वर्षं खपून अहवाल लिहिला. साहेबांनी न उघडताच "वा!" म्हटलं, वेबसाइटवर टाकला आणि विसरले. पुढे त्यांनीच त्याला एका शांत दवाखान्याचा अभ्यास करायला पिटाळलं. त्या दवाखान्याचे नकाशे केले होते दोघी बहिणींनी, एका खोलीच्या ऑफिसात.

"तुम्ही संशोधन कसं केलंत?" त्याने विचारलं.

थोरलीने चहाचे डाग पडलेला त्याचाच अहवाल पुढ्यात ठेवला. "हा वाचून. बेचाळिसाव्या पानावर मात्र तुम्ही माती खाल्लीय. जाड पडदे लावून बघितले, काडीचा उपयोग नाही."

शरमायचं सोडून तो हसतच सुटला. बेचाळिसाव्या पानापर्यंत कुणीतरी पोचलं होतं!